हे बरं की मघाचं?

चष्म्याच्या दुकानातल्या वहिनीला सगळी गल्ली वहिनीच म्हणते. शाळेतली पोरं म्हणतात, पाववाला म्हणतो, तिच्या वडिलांच्या वयाचे निवृत्त पोस्टमास्तरसुद्धा म्हणतात. याला कारण तिची नणंद. ती रस्त्यावरूनच "वहिनीऽऽ" अशी हाक ठोकायची की कोपऱ्यावरचा सायकलवाला पंक्चर काढता काढता मान वर करायचा. घरात त्या नणंदेला तोफ म्हणत. तिच्या तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडायचं.

दुकान म्हणाल तर चिंचोळं. पुढे काचेच्या कपाटात चष्म्यांच्या चौकटी, मधे प्लायवूडची आडभिंत, तिच्यामागे डोळे तपासायची अंधारी खोली आणि सगळ्यात मागे वहिनीचा नवरा. तो काचा घासतो. यंत्राच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे असेल किंवा उपजत असेल, पण माणूस बोलत नाही. गिऱ्हाईकाने "काय, कसं काय?" विचारलं तर तो हसतो, आणि तेवढ्यावर भागवतो.

डोळे तपासण्याचं काम वहिनीचं. हे काम तिच्यासारखं करणारं दुसरं कुणी बघितलेलं नाही. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं की मघाचं?" बस्. यापुढे एक अक्षर नाही. लोक कंटाळतात, घामाघूम होतात, म्हणतात, "वहिनी, तुम्हीच सांगा ना, तुम्हाला कळतं."

"मी सांगितलं तर चष्मा मला घालावा लागेल. तुमचा डोळा, तुम्ही बोला."

आणि तिची एक खोडी आहे. मधेच भिंग काढते, हातात फिरवल्यासारखं करते आणि तेच परत घालते. "आता?" सरळ माणूस म्हणतो, "तेच वाटतंय बुवा." पण कुणी तिला बरं वाटावं म्हणून बोलत असेल, तर लगेच म्हणतो, "वा, आता किती स्वच्छ!" मग वहिनी सगळी तपासणी पहिल्यापासून करते. रागावत नाही. पाणी देते आणि म्हणते, "इथे पास-नापास नाही हो. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा."

तोफेच्या बाबतीत तिला ही खोडी कधी करावीच लागली नव्हती. तोफ खुर्चीत बसायची ती भांडायच्या तयारीनेच. "हे काय घातलंस, धुकं? काढ. हे त्याहून वाईट. तू शिकलीस कुठे गं?" ती रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, लग्न केलेलं नव्हतं, दोन गल्ल्या पलीकडे आईला घेऊन राहायची. दोघींचं कधी पटलं नाही आणि एक आठवडा भेटल्याशिवाय गेला नाही. वहिनीने दुकानाला निळा रंग दिला तर तोफ म्हणाली, दवाखाना वाटतोय. हिरवा दिला तर म्हणाली, शेवाळ धरलंय.

मग आई गेली. लांबलेलं दुखणं होतं, तोफेने एकटीने काढलं. दिवस उलटले आणि ते घर तिला खायला उठलं. कामावरून आल्यावर कुणावर ओरडायचं हाच प्रश्न. अशातच प्रयोगशाळेतल्या एका बाईने तिला वर्गाला नेलं. मनःशांतीचा वर्ग. व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, पांढऱ्या सतरंज्या, आणि शिकवणारा एक मध्यमवयीन, मऊ बोलणारा गृहस्थ. त्याला सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. ना दाढी, ना झगा. इस्त्रीचा शर्ट आणि साधं घड्याळ.

पहिले काही आठवडे तोफ अगदी फुलून आली होती. रोज कुणाचा तरी फोन, "ताई, जेवलात का?" कुणी तिची पिशवी उचलायचं, कुणी तिच्यासाठी जागा धरायचं. सगळ्या वर्गासमोर सर म्हणाले होते, की इतकं स्वच्छ मन मी बघितलं नाही. वहिनीलाही बरं वाटलं. ती नवऱ्याला म्हणाली, "चला, आपल्यावरचा भार हलका झाला. आता तोफ तिकडे धडाडू दे."

पण तोफ धडाडायचीच बंद झाली.

दुकानावर नवी पाटी लावली होती, पिवळीधमक, वहिनीला स्वतःलाही ती भडक वाटत होती. तोफ आली, पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. तुला आवडली ना, मग झालं."

वहिनी मागच्या खोलीत गेली. "अहो, तुमच्या बहिणीच्या अंगाला हात लावून बघा. ताप असेल."

"सुधारली असेल," नवरा म्हणाला.

"पन्नाशीत कुणी इतकं सुधारत नाही."

पुढे बोलण्यात नवे शब्द यायला लागले. घरचे लोक म्हणजे 'बाहेरचे'. सगळ्यांसमोर उभं राहून आपले गुन्हे, आपल्या लाजा सांगायच्या, त्याला 'निचरा'. तोफ म्हणाली, "उद्या येणार नाही, माझा निचरा आहे." वहिनी म्हणाली, "का गं, मोरी तुंबली?" एरवी यावर तोफेने तिची सात पिढ्यांची मोरी काढली असती. ती नुसती हसली. आणि ते हसू तिचं नव्हतं. ओठ तेवढेच, बाजूला तेवढेच ताणलेले. वर्गातली दुसरी दोन-तीन माणसं दुकानात येऊन गेली तेव्हा वहिनीने तेच हसू त्यांच्याही तोंडावर बघितलं.

आता तिच्याबरोबर कायम एक पोरगी असायची. पंचविशीची, नीटनेटकी, अदबीने बोलणारी. वर्गात प्रत्येकाला असा एक 'सोबती' देतात म्हणे. ही तोफेची सोबतीण. घरी, कामावरून येताना, बाजारात, ती असायचीच. तोफेचा चष्मा जुना झाला होता म्हणून वहिनीने तिला खुर्चीत बसवलं, तर सोबतीण अंधाऱ्या खोलीच्या दारात येऊन उभी.

"खोलीत एकालाच जागा आहे गं बाई."

"मी दारातच थांबते. ताईंना बरं वाटतं."

वहिनीने भिंग सरकवलं. "हे बरं की मघाचं?" तोफ गप्प. मग वहिनीने का कोण जाणे, भिंग काढलं, फिरवलं आणि तेच परत घातलं. "आता?"

त्या जड चौकटीसकट तोफेची मान दाराकडे वळली. सोबतिणीने किंचित मान हलवली. तोफ म्हणाली, "आता खूप छान दिसतंय, वहिनी."

पुढे कधी कुणी विचारलं की वहिनी हेच सांगते: "बाकी सगळ्याला मी काही ना काही कारण देत होते हो. एकटी पडलीय, वय झालंय, दुःखात आहे. पण डोळा तिचा आणि बघायला दुसरीकडे? त्याला मला कारण सापडेना."

आणि एवढं समजल्यावर तिने काय करावं? जे तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. आख्खं घर गोळा केलं. मामा आले, ते मोठे वक्ते. चुलत दीर आला, भाच्या आल्या. तोफेला जेवायला बोलावलं आणि ताटं उचलायच्या आधीच तिला घेरलं. मामांनी फसव्या लोकांवर भाषण दिलं. भाचीने सरांची नक्कल केली, मऊ आवाजात, डोळे मिटून. सगळे खो-खो हसले. मग चुलत दीर टेबलावर हात आपटून ओरडला. आणि वहिनी, जी धंद्यात कधी गिऱ्हाइकाला काय दिसतंय ते सांगत नाही, ती म्हणाली, "अगं, तुझ्या डोळ्यांवर पट्टी आहे! मला दिसतंय, तुला दिसत नाही!"

तोफ शांतपणे पाणी प्याली. "सरांनी सांगितलं होतं. बाहेरचे आधी हसतील, मग रागावतील, मग रडतील. तेव्हा समजायचं, आपण बरोबर वाटेवर आहोत."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलंच होतं. तिने ते तसंच गिळलं. तिसरी पायरी आपल्या हाताने भरून द्यायची नाही, एवढं तिला त्या क्षणी सुचलं, आणि माझ्या मते त्या घरात तेवढं एकच शहाणं काम त्या दिवशी झालं. सोबतिणीने तोफेला चप्पल काढून दिली. दोघी गेल्या.

त्यानंतर तोफ यायचीच बंद झाली. फोन केला तर सोबतीण उचलायची, "ताई विश्रांती घेतायत." विश्रांती कसली? वर्ग पहाटे सुरू व्हायचे, झोप पुरी नाही. प्रयोगशाळेतली नोकरी तिने सोडल्याचं पोस्टमास्तरांकडून कळलं.

वहिनी काउंटरवर बसून चौकटी पुसायची, त्याच त्याच. एकदा मागची घरघर थांबली आणि नवरा पुढे आला. हे क्वचितच होतं.

"एक विचारू? गिऱ्हाइकाला तू कधी म्हणतेस का, मला दिसतंय म्हणून?"

"नाही."

"मग तिला का म्हणालीस?"

एवढं बोलून तो परत गेला. वहिनी म्हणते, लग्नात मला याने काय दिलं ते आठवत नाही, पण हे वाक्य दिलं.

तोफेचा नवा चष्मा तयार होऊन पडला होता. वहिनीने तो उचलला, मागे गेली आणि म्हणाली, "याची एक काडी थोडी वाकवा. नाकावरचं पॅडही टोचलं पाहिजे. फार नाही. दोन दिवसांत कानामागे दुखेल इतकं."

नवऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. आयुष्यभर त्याने दुकानातून वाकडी काडी बाहेर जाऊ दिली नव्हती. "आपल्या दुकानातून? असा?"

"घरी यायला तिला बंदी आहे. चष्मा दुरुस्तीला नसेल."

त्याने चष्मा पुसला, उजेडाकडे धरून बघितला. मग त्याने पक्कड घेतली. वहिनी सांगते, कुणाच्या मयताला गेल्यासारखं तोंड झालं होतं त्याचं.

चष्मा पोस्टमास्तरांच्या हाती तिच्याकडे गेला. आणि तोफ आली. अर्थात सोबतिणीसकट. "वहिनी, कानामागे टोचतंय."

"आण इकडे. आत बस, बघते." आणि दाराकडे वळून, "तू गं पोरी, तोपर्यंत चौकटी बघ. हे दाखवतील."

मग त्या गल्लीच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. वहिनीचा नवरा बोलायला लागला. काच कशी घासतात, चौकटीत का तडकते, कुठल्या चेहऱ्याला गोल शोभते, कुठल्याला चौकोनी. त्याने त्या पोरीला आरशासमोर बसवलं आणि एकामागून एक चौकटी घालून दाखवल्या. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, पण थांबला नाही. पोरगी आरशात बघायची आणि म्हणायची, "मला नाही सांगता येत, काका. कुठली चांगली?" तो म्हणायचा, "घाई नाही. ही बघा अजून एक."

आत वहिनीने सरांचं नावही काढलं नाही. जीभ दाताखाली धरून बसली होती. फक्त लहान लहान प्रश्न. "इथे दुखतं की इथे? चहा घेणार की कॉफी?"

"काहीही चालेल."

"काहीही माझ्याकडे नाही. चहा किंवा कॉफी."

तोफेला ते सांगता येईना. मागे शेगडीवरचं दूध उतू जायची वेळ आली. शेवटी ती म्हणाली, "चहा," आणि म्हटल्यावर दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

काडी त्या दिवशी पूर्ण सरळ झाली नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने टोचली. मग पॅड सैल झालं. तोफ येत राहिली, पंधरवड्याने, कधी आठवड्याने. वहिनी तिला आईच्या आजारपणातल्या गोष्टी आठवून द्यायची. "त्या डॉक्टरला काय म्हणाली होतीस गं? पेशंट झोपलीय, तुम्हीही झोपलात का?" एकदा तोफ खुदकन हसली. स्वतःचं हसू, नाकातून येणारं.

मग एक दिवस ती खुर्चीत बसली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. "वहिनी, रविवारी मला मुख्य केंद्रावर नेणार आहेत. लांब आहे. फोन तिकडे चालत नाही, म्हणजे आपणच द्यायचा असतो. परत कधी, ते सर ठरवतील."

'जाऊ नकोस' हे शब्द वहिनीच्या ओठांपर्यंत आले होते. ती म्हणाली, "का नेतायत?"

"मी प्रश्न विचारला म्हणून." तोफेचा आवाज बारीक झाला. "वर्गात एक आजोबा आहेत. त्यांना मधुमेह. सर म्हणाले, सुई ही भीती आहे, सोडून द्या. त्यांनी सोडली. वहिनी, त्यांचं रक्त मी स्वतः तपासलंय, नोकरीत असताना. मला त्यांची साखर माहीत आहे. मी एवढंच विचारलं, की डॉक्टरांना कळवलंय का? तर सगळ्यांनी माझ्याकडे पाठ केली. सगळ्यांनी. मी मधे उभी. 'माझीच चूक' म्हणेपर्यंत कुणी वळत नाही." तिने नाक ओढलं. "साखर त्यांच्या रक्तात, आणि माफी मी मागितली."

बाहेर नवऱ्याचा आवाज चालू होता, "ही जरा जड आहे, पण टिकते..."

"तुला काय वाटतं, जावं?" वहिनीने विचारलं.

"मला काय वाटतं तेच मला कळेनासं झालंय गं."

"मग कळेपर्यंत बस. खुर्ची काय उठून जात नाही."

तोफ बसली. वहिनीही बसली, समोरच्या स्टुलावर, हात मांडीत घेऊन. तिच्यासारख्या चुरूचुरू बोलणाऱ्या बाईने तो वेळ कसा काढला असेल, याची कल्पना तिला ओळखणाऱ्यांनाच येईल. शेवटी सोबतीण दारात आली. "ताई, उशीर होतोय. सर वाट बघतायत."

"त्या आजोबांचं काय झालं गं?" तोफेने विचारलं.

"तो प्रश्न सरांना विचारायचा, ताई."

"मी तुला विचारतेय."

पोरीच्या तोंडावरचं ते ठरलेलं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळे भरून आले. "ते आठवडाभर आले नाहीत," ती म्हणाली.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. वहिनीने उचलला. मऊ आवाज, "मी सर बोलतोय. आमच्या ताई तिथे असतील."

खोटं बोलायला किती सोपं होतं! 'नाही, गेल्या' म्हणून फोन आदळायचा. किंवा दोन सणसणीत शिव्या, ज्या तिने कित्येक महिने जपून ठेवल्या होत्या. तिने रिसीव्हर काउंटरवर आडवा ठेवला.

"तुझा फोन आहे. घ्यायचा तर घे, नको तर ठेवून दे."

"तू सांग त्यांना," तोफ म्हणाली.

"मी नाही सांगणार. ते काय बोलतात ते तुला ऐकायचंय की नाही, मला कसं माहीत?"

नवऱ्याने घाबरून बायकोकडे बघितलं. त्याला वाटलं, हातात आलेली बहीण ही बाई घालवतेय. तोफेने फोन घेतला. तो मऊ आवाज बोलत राहिला, सगळ्यांना नुसती गुणगुण ऐकू येत होती. तोफ "हो, हो" म्हणत होती.

"हो सर. पण आजोबांची साखर किती आहे?"

गुणगुण.

"ते समजलं. साखर किती आहे?"

गुणगुण लांबली.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही." तोफेने श्वास घेतला. "मी रविवारी येत नाही." आणि तिने फोन ठेवला. तो जागेवर बसायला दोनदा ठेवावा लागला.

सोबतीण भिंतीला टेकली. "मी परत जाऊन काय सांगू?"

"ते तुझं तू ठरव," वहिनी म्हणाली. "पण आधी बस. तोंड धू. चहा की कॉफी?"

यापुढचं सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. तोफ वहिनीकडे राहायला आली आणि पुष्कळ दिवस "मी आंघोळ करू का?" असं विचारायची. वहिनी म्हणायची, "पाणी तापलंय," आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहायची. वर्गातले लोक दुकानासमोर येऊन थांबायचे, एक शब्द न बोलता. तोफ त्यातल्या काहींसाठी रडायची, कारण त्यांच्यावर तिने माया केली होती आणि ती खोटी नव्हती. वहिनीने तिला एकदाही 'मी म्हटलं होतं' असं ऐकवलं नाही. इतकी वर्षं भांडणात जिचा हात कुणी धरला नव्हता, तिने जिंकलेलं भांडण मोजलंच नाही. हे मला फार मोठं वाटतं.

आता लोक वहिनीकडे येतात. कुणाचा मुलगा, कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप. "कसं ओळखायचं, वहिनी?" ती लांबड लावत नाही. म्हणते, "तुमच्या माणसाला त्याच्याच अंगाबद्दल विचारा. भूक आहे का, झोप झाली का, चप्पल चावते का. आणि उत्तर देण्याआधी तो कुणाकडे बघतो ते बघा. तो तुमच्याकडे बघत असला, तरीसुद्धा घाबरा."

आजोबा सापडले. ते घरीच होते, मुलाने वर्गाला पाठवणं बंद केलं होतं. पाय मात्र चिघळला होता आणि सुई घ्यायला ते अजून तयार नव्हते. मुलगा हात टेकून बसला होता. एक दिवस दुपारी तोफेने साडी बदलली, पर्स घेतली आणि दुकानात येऊन उभी राहिली.

"मी जाते त्यांच्याकडे. बोलून बघते."

वहिनीने हातातलं भिंग खाली ठेवलं. रस्त्यात वर्गातलं कुणी भेटलं तर? आजोबांनीच हिला परत ओढलं तर? "मी येऊ का बरोबर?"

तोफेने विचार केला. खरोखरचा, कपाळाला आठी घालून. "नको," ती म्हणाली. "मी एकटी जाते."

वहिनी काउंटरच्या आत उभी राहिली. आडभिंतीमागच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर जड चौकट घालून बसले होते आणि त्यांना आता दोन अक्षरं दिसत होती की तीन, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिला ऐकूच आलं नाही. ती काचेतून बघत होती. तोफ सायकलवाल्याच्या कोपऱ्यावर पोचली, थांबली, डावीकडे-उजवीकडे बघितलं, आणि रस्ता ओलांडून गेली.